रेघ बापाकडून मुलाकडे

महाडच्या एसटी स्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे बसून मी अडीच वर्षं ख्रिस्ती लोकांच्या पूर्वजांभोवती चौकटी काढल्या. हे वाक्य मी घरी, वाडीत, कॉलेजात बऱ्याच जणांना सांगून बघितलं. पहिल्या फटक्यात कोणालाच कळलं नाही. माझ्या वडिलांना अजूनही ते ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर ते खूश आहेत.

असे लेख बहुतेक निवृत्त माणसं लिहितात. त्यांच्यामागे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी असते. मी बावीस वर्षांची आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ‘अनुभव’ हा शब्द वापरायचा मला हक्क आहे की नाही, हेही नीट ठरवता येत नाही. तरी लिहिते, कारण ह्या कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती दुसऱ्याच बाईने भोगली.

आधी काम काय होतं ते सांगते.

युरोपातल्या एका ग्रंथालयात सात-आठशे वर्षांपूर्वीची भेंडोळी आहेत. कातड्याचे लांबट तुकडे एकाखाली एक शिवून केलेली. आपल्याकडे जुन्या जन्मपत्रिका गुंडाळून ठेवायचे तशीच, पण कितीतरी लांब. एक पूर्ण उलगडलं तर आमच्या पडवीत मावणार नाही. वरच्या टोकाला आदाम आणि हव्वा, खालच्या टोकाला येशू, आणि मधे सगळी वंशावळ. प्रत्येक माणसाला एक गोल. गोलात नाव. एका गोलापासून दुसऱ्या गोलाकडे रेघ. मधेमधे मोठ्या आकृत्या, म्हणजे यरुशलेम शहराचा नकाशा, नोहाचं तारू. काही गोलांना सोन्याचा वर्ख लावलेला आहे आणि तो फोटोतसुद्धा चमकतो.

ग्रंथालयाने ह्या भेंडोळ्यांचे तुकड्यातुकड्याने फोटो काढले. ते फोटो पुढे यंत्राने वाचावेत अशी त्यांची इच्छा. पण यंत्राला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. हा गोल, हे नाव, ही रेघ ह्याच्याकडून त्याच्याकडे गेली, असं हजारो वेळा चौकट काढून दाखवावं लागतं. हे दाखवायचं काम फिरत फिरत साळवी सरांकडे आलं. साळवी सर आधी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचे. त्यांनी वरची खोली घेतली, सात कॉम्प्युटर मांडले आणि कॉलेजच्या मुली ठेवल्या. जिन्याच्या भिंतीवर पुराची जी रेघ आहे तिच्या बऱ्याच वर आमची खोली होती. ती बघूनच सरांनी जागा पसंत केली होती.

आम्हाला कोणालाच लॅटिन येत नव्हतं. यायची गरजही नव्हती. अक्षरांचा एक तक्ता दिला होता. चित्र बघायचं आणि तक्त्यात कशाशी जुळतं ते टाइप करायचं. सोपं वाटतं, पण त्या लिपीत तीन-चार अक्षरं नुसत्या उभ्या काड्यांची आहेत. एका नावात नऊ काड्या एका रांगेत उभ्या असायच्या. कुठल्या तीन मिळून एक अक्षर आणि कुठल्या दोन मिळून दुसरं, हे आपणच ठरवायचं. पहिल्या महिन्यात मला स्वप्नातही काड्या दिसायच्या. नंतर डोळा बसला. मला अब्राहामाचा गोल स्क्रीनवर अर्धाच दिसला तरी ओळखता यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान वाटायचा. कॉलेजात इतिहासाच्या वर्गात मी मागच्या बाकावर गप्प बसणारी. इथे मात्र मला काहीतरी येत होतं.

माझ्या शेजारी तुडीलची रेश्मा बसायची. खोलीतलं हसू तिच्याकडून यायचं. एकदा फोटो खूप मोठा करून बघताना तिला कातड्यावर बारीक ठिपके दिसले. केसांची मुळं होती ती. सर म्हणाले, वासराचं किंवा मेंढीचं कातडं असतं. रेश्माने माऊसवरचा हात काढून घेतला. तिच्या घरी सगळे माळकरी. म्हणाली, “मेंढीचं हाय म्हना सर. मंग मला काम करता येईल.” सरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “मेंढीचंच आहे.” तिने पुन्हा माऊस धरला.

नोहाच्या तारवाच्या आकृतीत मजले दाखवलेले असतात आणि प्रत्येक खोलीवर नाव लिहिलेलं असतं. एक खोली शेणासाठी आहे, असं ग्रंथालयातल्या बाईंनी एका व्हिडिओ कॉलवर सांगितलं. रेश्मा लगेच म्हणाली, “शहाना होता गो चितारी. येवढी जनावरं भरलान, तर शेन टाकायचं कुठं ह्याचा इचार केलान.” सरांनी ह्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा त्या बाई खूप हसल्या.

त्या बाई साठीच्या असाव्यात. हळूहळू बोलायच्या, आम्हाला कळावं म्हणून. त्याच कॉलवर त्यांनी आणखी एक सांगितलं. ही वंशावळ मुळात एका शिक्षकाने तयार केली असं म्हणतात. ज्या गरीब मुलांना पुस्तकं घेणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. भेंडोळं भिंतीवर टांगायचं आणि मुलांनी बघून पाठ करायचं. मला तेव्हा काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी ते काम जरा वेगळ्या मनाने करायला लागले. आपल्यासारख्यांसाठीच कोणीतरी हे केलं होतं, असं काहीतरी.

आता सुनंदाताईंबद्दल.

त्या आमच्या चेकर होत्या. आम्ही केलेली प्रत्येक फाइल शेवटी त्यांच्याकडे जायची. त्यांनी पाहिली की खाली त्यांचं नाव पडायचं आणि मग फाइल ग्रंथालयाकडे जायची. वय चाळिशीच्या आसपास. शिक्षण बारावी. मुंबईला कपड्यांच्या एका कंपनीत त्या शर्टांचे धागे कापायच्या आणि शिवण तपासायच्या. नवऱ्याने दुसरं घर केलं, तेव्हा त्या महाडजवळच्या नाते गावी भावाकडे परत आल्या. सरांनी त्यांना घेतलं ते त्यांच्या नजरेसाठी. शंभर गोलांत एक चुकलेला असेल तर त्यांचं बोट थेट त्याच्यावर जायचं.

एकदा रेश्माने कातड्याला पडलेल्या भोकाला माणूस समजून चौकट केली होती. वर त्याला दोन मुलगे जोडले होते. सुनंदाताईंनी तिला बोलावलं. “ये बाय, हे काय हाय?”

“गोल हाय ताई.”

“भोक हाय गो. पलीकडचं टेबल दिसतंय त्यातनं. भोकाला पोरं कशी झाली?”

आठवडाभर आम्ही रेश्माला ‘भोकाची सून’ म्हणत होतो.

दुपारी डबा खाताना सुनंदाताई क्वचित स्वतःबद्दल बोलायच्या. एकदा म्हणाल्या, “दादा काय वाईट नाय माझा. वहिनी पन नाय. पन सकाळी पर्स घेऊन मी घराच्या भायेर पडते ना, तेवढ्यासाठी मी तिथं ताई हाय. काम नसलं तर मी कोन?” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठल्या. मी ते ऐकलं होतं. मला नीट कळलंही होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली. आमच्याकडे दरड ही बातमी नसते, पण त्या वेळी तिच्याबरोबर इंटरनेटची केबल गेली. चार दिवस नेट नाही. एक पूर्ण भेंडोळं द्यायची तारीख जवळ आली होती. नेट परत आलं तेव्हा सर जिना चढून आले आणि म्हणाले, “कसंही करा, शनिवारी गेलं पाहिजे.”

मी तेव्हा मुलींमध्ये सगळ्यांत जुनी होते. इंग्रजीतल्या सूचना मीच वाचून सांगायचे. मी एक कागद घेतला आणि काम झटपट व्हावं म्हणून स्केचपेनने पाच नियम लिहिले. चार नियम असेच होते, कुठली कळ दाबली की चौकट लवकर होते वगैरे. पाचवा असा होता:

‘रेघ नेहमी बापाकडून मुलाकडे. बाजूचे गोल सोडून द्यावेत.’

बाजूचे गोल म्हणजे काय ते सांगायला हवं. ह्या भेंडोळ्यात मुख्य माणसांचे गोल मोठे होते आणि एका रांगेत खाली उतरत होते. त्यांच्या कडेला काही लहान गोल होते, हिरव्या कडेचे. त्यांपैकी बरेचसे बायकांचे होते. बायका आणि मुली. त्यांतल्या पुष्कळ गोलांपासून पुढे रेघ जात नव्हती. जिथे जात होती तिथे ती मला चिताऱ्याची नक्षी वाटली. खरं म्हणजे ‘वाटली’ हे बरोबर नाही. मी त्याचा विचारच केला नाही. आमच्या घरी चुलत्यांकडे, म्हणजे आप्पांकडे, एका वहीत आमच्या घराण्याची वंशावळ आहे. पूर्वी जमिनीच्या वारसनोंदीच्या वेळी काढलेली. मी लहानपणापासून ती बघत आले. तिच्यात बाप आणि मुलगे आहेत. वंशावळ म्हणजे तेच, असं माझं डोकं धरून चाललं होतं. आमच्या खोलीतल्या सहाही मुलींच्या घरी तशीच वही असावी, कारण तो नियम वाचून एकीनेही मान वर केली नाही.

मान वर केली ती सुनंदाताईंनी. शुक्रवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या स्क्रीनवर भेंडोळ्याचं अगदी खालचं टोक होतं. येशूचा मोठा गोल. त्याच्या वर दोन गोल, एक योसेफाचा, एक मरीयेचा. मी योसेफाकडून येशूकडे रेघ ओढली होती.

“ही रेघ तू ह्याच्याकडनं काढलीस,” त्या म्हणाल्या. “पन चित्रात ती हिच्याकडनं येते. बघ. हिच्या गोलाला चिकटलेली हाय.”

मी बघितलं. रेघ खरंच मरीयेच्या गोलापासून निघत होती. लाल, ठळक, कुठेही पुसट नसलेली.

“ताई, ती आई आहे,” मी म्हणाले. “हा बाप. रेघ बापाकडूनच येणार. चितारी चुकला असेल.”

“सगळीकडं बरोबर आन हितंच चुकला?”

“सातशे वर्षांपूर्वीचं आहे. हात सरकला असेल.”

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. “आन ह्या हिरव्या? ह्या एवढ्या सगळ्या सोडायच्या?”

“त्यांची रेघ पुढे जात नाही ना. शनिवारी द्यायचंय ताई.”

त्यांनी माऊस त्या हिरव्या गोलांवरून एकदा फिरवला. मग म्हणाल्या, “तू कॉलेजात हायस. तुला म्हायती असनार.” आणि फाइल पास केली.

शनिवारी भेंडोळं गेलं. सरांनी सगळ्यांना वडापाव दिला आणि मला टीम लीडर केलं. माझा नियमांचा कागद सरांच्या केबिनबाहेर नव्हता, आमच्या खोलीतल्या भिंतीवर होता. त्यांनी तो कधी वाचला नसावा. पुढच्या तीन भेंडोळ्यांचं काम आम्ही त्याच नियमाने केलं.

दिवाळीनंतर कॉल आला. नेहमी तो आमच्या खोलीत मोठ्या स्क्रीनवर लावायचे. त्या बाई नेहमीसारख्याच हळू बोलत होत्या. त्यांनी पहिल्या भेंडोळ्याचं खालचं टोक दाखवलं आणि विचारलं, ही रेघ इथे कशी आली? मग सांगितलं की त्यांच्या धर्मात ह्या जागी रेघ आईकडूनच येते. योसेफ हा येशूचा जन्मदाता नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. चिताऱ्याने ते अगदी जपून काढलं होतं. सबंध भेंडोळ्यात ती एक जागा चुकवायची नव्हती.

मग त्या म्हणाल्या की आमच्या खुणांवरून यंत्र शिकलं आहे. आता ते दुसऱ्या भेंडोळ्यांतल्या बायकाही सोडून देतं. ज्या आम्ही पाहिल्याही नव्हत्या त्यासुद्धा. त्यांनी एक फोटो दाखवला. त्यावर यंत्राने केलेल्या चौकटी होत्या, सगळ्या मोठ्या गोलांना. बाजूचे गोल तसेच, मोकळे. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉल संपला. सर मोबाइल घेऊन बाहेर जिन्यावर गेले, कोणाशी तरी बोलायला. मी उठले, भिंतीजवळ गेले, नियमांचा कागद चिकटपट्टीसकट काढला, घडी घातली आणि माझ्या बॅगेत टाकला. ह्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला नसेल. वळले तेव्हा सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. रेश्मा कीबोर्डकडे बघत होती.

सर आत आले. “हे कोणी ठरवलं? बायका सोडायच्या, हे कोणाच्या डोक्यातून आलं?”

मी बॅग खुर्चीखाली सरकवली.

“चेकिंग कोणाचं आहे?”

हे विचारायची गरज नव्हती. प्रत्येक फाइलखाली नाव होतं.

“माझ्या नजरेतून सुटलं सर,” सुनंदाताई म्हणाल्या.

मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात सरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं, तेव्हाही मी गप्प बसले. सर फार कठोर माणूस नव्हेत. काम हातचं जाऊ नये म्हणून ग्रंथालयाला काहीतरी केलेलं दाखवायचं होतं. ‘चेकर बदलला आहे’ असं त्यांनी कळवलं आणि काम आमच्याकडेच राहिलं. सुनंदाताईंनी ड्रॉवरमधला चष्मा, कंगवा आणि चहाचा कप पर्समध्ये टाकला. जाताना त्या प्रत्येकीच्या खुर्चीजवळ थांबल्या. माझ्याजवळही थांबल्या.

त्यांच्या खुर्चीवर सरांनी मला बसवलं.

चारही भेंडोळी पुन्हा करायची होती. आता प्रत्येक लहान गोल मी मोठा करून बघत होते. हव्वा, सारा, रिबेका. तामार. रूथ. काहींची नावं मला मराठी बायबलात शोधूनही सापडली नाहीत, तरी चिताऱ्याने त्यांना गोल दिला होता. प्रत्येक फाइलखाली आता माझं नाव पडत होतं, आणि ते पडलं की दर वेळी मला आधीचं नाव आठवायचं.

त्याच दिवसांत एका रविवारी मी आप्पांकडे जाऊन ती वही मागितली.

“कशाला गो?” आप्पा म्हणाले. “जमिनीचं काय निघालं काय?”

“नाही आप्पा. ह्यात बायकांची नावं घालायचीत.”

“बायकांची? त्यांचा वंश तिकडं, जिथं दिल्या तिथं.”

“दिलेल्या नव्हे, आलेल्या. आजोबांची आई कोण?”

आप्पांनी वही मांडीवर घेतली. बराच वेळ विचार केला. “ती कापडे गावची. कापडेकरीन म्हनायची समदी.”

“नाव काय होतं?”

“नाव असंल की काय तरी.” त्यांनी आत काकीला हाक मारून विचारलं. काकीलाही माहीत नव्हतं. मग आप्पा जरा चिडले. “तुला कॉलेजात ह्येच शिकवतात काय? माज्या आयचं नाव घाल, सखू. ते ठावं हाय मला. लिव.”

मी सखू लिहिलं. तिच्या भोवती गोल काढला. कापडेकरणीसाठी एक गोल मोकळा ठेवला. परत येताना एसटीत मला पहिल्यांदा असं वाटलं की मी केलेली चूक अज्ञानाची होती, ती कदाचित माफ होईल. कागद बॅगेत टाकला ते अज्ञान नव्हतं.

तरीही सरांना सांगायला मला आणखी एक महिना लागला. मी केबिनमध्ये गेले, तो घडी घातलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सुनंदाताईंनी विचारलं होतं, मी त्यांना गप्प केलं होतं, हेही. सरांनी कागद वाचला. उलटून पाठची बाजूही बघितली.

“हे मला आत्ता कशाला सांगतेस?” ते शेवटी म्हणाले. “मी त्या लोकांना लिहून बसलोय. आता परत काय लिहू, चुकीच्या बाईला काढलं म्हणून?”

“सर, त्यांना परत बोलावता येईल का?”

“दोन चेकर पोसण्याएवढं काम आहे का आपल्याकडे?”

“मी सोडते.”

“परीक्षा झाल्यावर तू सोडणारच आहेस,” ते म्हणाले. “तेव्हा बघू.” माझी परीक्षा झाली, मी सोडलं. त्यांनी अजून बोलावलेलं नाही. त्या खुर्चीवर आता रेश्मा बसते.

सरांना सांगितलं त्याच आठवड्यात मी नात्याला, सुनंदाताईंच्या भावाच्या गावी गेले. रायगडाकडे जाणारी गाडी पकडली आणि फाट्यावर उतरून घर विचारत गेले. सुनंदाताई अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. “ये,” म्हणाल्या, आणि हाताने जागा दाखवली.

आतून त्यांच्या वहिनींचा आवाज आला, “वन्सं, वाल झाले काय? गुरांना पानी दाखवायचं राहिलंय.”

“आले,” ताईंनी उत्तर दिलं, पण हात चालूच ठेवला.

मी म्हणाले, “ताई, मी सरांना सांगितलं. सगळं.”

“कधी?”

“सोमवारी.”

त्यांनी एक किडका वाल बाजूला टाकला. “मला येऊन तीन महिने झाले गो.”

माफी मागायचं घरून ठरवून आले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. ते मी बोलले, आणि बोलताना ते कॉलेजातल्या भाषणासारखं वाटलं.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी म्हटलं ना, माझ्या नजरेतून सुटलं? ते का म्हटलं म्हायती हाय? म्हटलं, आता मी येवढं बोलले, तर ही उठंल. पोरगी चांगली हाय, बोलंल. मी वाट बघत होते.”

त्यांनी निवडलेले वाल सुपाच्या एका बाजूला सारले.

“त्या बायका घेतल्यास मग?” त्यांनी विचारलं.

“घेतल्या.”

“आन ती शेवटची रेघ?”

“आईकडून.”

“बरं झालं.” हे त्या मनापासून म्हणाल्या, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे तिथे बसणं आणखी कठीण झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “दादाला वाटतं मी तिथं काय तरी भानगड केली. चोरी नायतर भांडन. उगाच कोन काढतं का, असं म्हनतो. मी सांगते, मी बघितलेलं, मी विचारलेलं. पन तोंडचं सांगितलेलं ह्या घरात टिकत नाय. तू लिहून देशील?”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यांनी भाचीची वही आणि पेन आणून दिलं. मी पायरीवर बसून लिहिलं. नीट, शुद्ध, अर्ज लिहावा तसं. सौ. सुनंदाताई ह्यांनी कामात कोणतीही हयगय केली नाही. त्यांनी चूक वेळेवर निदर्शनास आणून दिली होती. ती चूक कार्यालयात लावण्यात आलेल्या एका नियमामुळे झाली. त्यांना कामावरून कमी करणे अन्यायाचे होते. खाली सही आणि तारीख. पान फाडून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला. ऑफिसात वाचायच्या तशाच, ओळीखाली बोट ठेवून वाचू लागल्या. पहिलं ‘सौ.’ त्यांनी नखाने खोडल्यासारखं केलं आणि पुढे गेल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“इथं नाव राहिलंय,” त्या म्हणाल्या.

“कोणाचं?”

“नियम लावण्यात आला, असं लिवलंस. कोनी लावला?”

मी पान परत घेतलं. ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली, माझं नाव आणि आडनाव घालून. कागद भिंतीवरून कोणी काढला, तेही लिहिलं. ते त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सगळं वाचलं, वरपासून. मग घडी न घालता वहीच्या पानांत सरळ ठेवलं.

“दादा दिवे लागायच्या आधी येतो,” त्या म्हणाल्या.

“मी निघू?”

“नको. थांब. लिहिलेलं मी दाखवीन, पन तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला.” त्या उठल्या, गुरांच्या पाण्याची बादली उचलली, आणि जाता जाता वालाचं सूप पायाने माझ्याकडे सरकवलं. “तोवर हे निवड.”